वस्तू कारागिराची, नावही कारागिराचे
(चित्रमाध्यमांतून हस्तकलेच्या दुकानाचा प्रसार)

हाताने उत्तम वस्तू घडविणे ही एक विद्या आहे आणि ती वस्तू योग्य मोल देणाऱ्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचविणे ही दुसरी विद्या आहे. आपल्याकडे पहिली विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. दुसरी मात्र बहुधा व्यापाऱ्याच्या हाती राहिली. चप्पल शिवणारा गावात, विकणारा शहरात आणि वापरणारा आणखी कुठे तरी, अशा साखळीत वस्तूचे नाव होते; घडविणाऱ्याचे नाव होत नाही. आज मोबाईलवर चित्रे दाखविणारी इन्स्टाग्राम, पिंटरेस्ट यांसारखी जी माध्यमे आहेत, त्यांच्यामुळे ही दुसरी विद्याही कारागिराला शिकता येण्याजोगी झाली आहे. ती कशी, हे कोल्हापुरी चपलेच्या उदाहरणावरून या लेखात पाहावयाचे आहे. गोधडी शिवणाऱ्या भगिनींना, बांबूकाम करणाऱ्यांना किंवा मातीच्या वस्तू घडविणाऱ्यांनाही यातील बहुतेक गोष्टी लागू पडतील.

एका चित्राने काय घडले?

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या प्रसिद्ध कंपनीने पुरुषांच्या पोशाखांचे प्रदर्शन भरविले. त्यात चालणाऱ्यांच्या पायांत ज्या चपला होत्या, त्या कोल्हापुरीसारख्या दिसत होत्या. परंतु त्यांची ओळख केवळ ‘चामडी सँडल’ अशी करून देण्यात आली होती. कोल्हापूरचे नाव कोठेही नव्हते. ती छायाचित्रे समाजमाध्यमांवर पसरली आणि आपल्या लोकांनी चप्पल ओळखली. टीकेचा जोर वाढल्यावर या चपलांची प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे, हे कंपनीने मान्य केले. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ (लिडकॉम) आणि कर्नाटकातील लिडकर या दोन सरकारी महामंडळांशी कंपनीने करार केला. सुमारे २,००० जोड येथील कारागिरांच्या सहभागाने बनवून घेण्याचे आणि सुमारे ८०० युरो किमतीस विकण्याचे जाहीर झाले.

या घटनेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही की, आपल्या वस्तूचे चित्र कोणी ना कोणी जगाला दाखविणारच आहे. ते आपण आपल्या नावाने दाखविले नाही, तर दुसरा त्याच्या नावाने दाखवील. दुसरी ही की, नाव परत मिळाले तेही चित्रामुळेच. ज्या माध्यमाने नाव झाकले गेले, त्याच माध्यमाने ते उघडे केले.

ही माध्यमे चालतात कशी?

इन्स्टाग्राम २०१० मध्ये सुरू झाले आणि २०१२ मध्ये फेसबुकने ते विकत घेतले. त्यात आपण छायाचित्र किंवा लहान चलचित्र ठेवतो. चलचित्रांना ‘रील’ म्हणतात आणि ही सोय आपल्या देशात २०२० पासून आहे. एका वेळी २० पर्यंत चित्रे एकत्र ठेवता येतात. दुकानासाठी व्यवसायाचे खाते उघडण्यास पैसे पडत नाहीत.

आपले चित्र सर्वांना सारखे दाखविले जात नाही, ही गोष्ट प्रथम समजून घ्यावी. लोक ते किती वेळ पाहतात, त्यांना ते आवडते काय, ते दुसऱ्याला पाठवितात काय, यावरून यंत्रणा ते पुढे आणखी कोणाला दाखवावयाचे हे ठरविते. म्हणून पैसे देऊन खोटे अनुयायी वाढविणे हा शुद्ध तोटा होय. ते आकड्यात दिसतात, पण ना चित्र पाहतात, ना चप्पल घेतात. उलट, ‘एवढ्या लोकांपैकी कोणीच पाहत नाही’ असा अर्थ यंत्रणा काढते.

पिंटरेस्टचा स्वभाव थोडा वेगळा आहे. तेथे लोक गप्पा मारण्यास येत नाहीत, शोधण्यास येतात. लग्नात काय घालावे, घर कसे सजवावे, याची चित्रे ते जमवून ठेवतात. तेथील चित्र अनेक महिन्यांनंतरही कोणाच्या तरी शोधात वर येऊ शकते आणि चित्रावर बोट ठेवताच दुकानाच्या पानावर जाता येते. सुरुवात करणाऱ्याने एकच माध्यम नीट सांभाळावे. दोन अर्धवट ठेवण्यात काही लाभ नाही.

जे हाताला कळते, ते चित्राने सांगावे

दुकानात आलेले गिऱ्हाईक काय करते? चप्पल उचलते, वजन पाहते, उलटी करून तळ पाहते, चामड्याला वाकवून पाहते, पायात घालून चार पावले टाकते. मोबाईलवर पाहणाऱ्याला यातील काहीच करता येत नाही. म्हणून चित्राने हाताचे काम केले पाहिजे. सर्व शिकवणीचे सार एवढेच आहे.

त्यासाठी एका जोडाची निदान पाच-सहा चित्रे घ्यावीत. एक वरून, एक बाजूने, एक तळाचे, एक वेणी व शिवण जवळून दाखविणारे, एक पायात घातलेले आणि एक फूटपट्टी शेजारी ठेवून. महागडा कॅमेरा लागत नाही. सकाळी खिडकीपाशी किंवा सावलीच्या ओट्यावर, साध्या कापडावर अथवा लाकडी फळीवर वस्तू ठेवावी. भर उन्हात चामड्याचा रंग फिका दिसतो आणि पिवळ्या दिव्याखाली तो लालसर दिसतो. रंग गडद करण्याच्या तयार सोयी मोबाईलमध्ये असतात. त्या वापरू नयेत. चित्रातला रंग आणि हातात पडलेला रंग वेगळा निघाला, तर चप्पल परत येते आणि विश्वास जातो तो परत येत नाही.

वस्तूपेक्षाही काम दाखवावे. कोल्हापुरीचे चामडे बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींच्या साहाय्याने कमावतात. पारंपरिक जोडात खिळा नसतो. शिवण चामड्याच्याच वादीने घालतात. कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी असे तिचे प्रकार आहेत. हे सर्व गावातल्या माणसाला नवीन नाही, पण बंगळूरला किंवा लंडनला बसलेल्या माणसाला ते ठाऊक नसते. वादी ओढताना, तळावर हातोडी मारताना, बारीक वेणी विणताना अर्ध्या मिनिटाचे चलचित्र घेतले, तर यंत्राची चप्पल आणि हाताची चप्पल यांतील फरक व्याख्यान न देता कळतो. कोल्हापुरी म्हणून नकली मालही बाजारात विकला जातो. त्याला कामाचे असे उघड दर्शन हेच चांगले उत्तर आहे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. वेणी विणणे, नक्षी पाडणे ही नाजूक कामे बहुतेक घरांत स्त्रिया करतात. चित्रात मात्र दुकानाच्या गादीवर बसलेला पुरुष तेवढा दिसतो. त्यांची संमती घेऊन ते हातही दाखवावेत आणि ते कोणाचे आहेत हेही लिहावे.

चित्राखाली काय लिहावे?

पुष्कळ दुकानदार सुंदर चित्र ठेवतात आणि खाली ‘किमतीसाठी संदेश पाठवा’ एवढेच लिहितात. संकोची गिऱ्हाईक विचारीत नाही, निघून जाते. म्हणून चित्राखाली साध्या भाषेत पुढील माहिती द्यावी : वस्तूचा प्रकार, चामडे कशाचे, मापे कोणती मिळतील, बनविण्यास किती दिवस लागतील, किंमत किती, टपालखर्च वेगळा की धरलेला, आणि घडविणाऱ्याचे नाव व गाव. माप कळण्यासाठी गिऱ्हाइकाला कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने रेघ ओढावयास सांगावे आणि लांबी सेंटिमीटरमध्ये मागवावी. परत येणारे जोड याने बरेच कमी होतात.

उणिवाही लिहाव्यात. नवी चप्पल पहिले काही दिवस कडक लागते, पावसात घालू नये, वापराने रंग गडद होतो, दोन जोडांच्या रंगात थोडा फरक असतो. हे आधी सांगितले तर तो हातकामाचा गुण ठरतो, नंतर सांगितले तर ती सबब ठरते.

मराठीत लिहावे, सोबत इंग्रजी किंवा हिंदीत दोन ओळी द्याव्यात. शोधासाठी जे खुणेचे शब्द (हॅशटॅग) जोडतात, ते तीन ते पाच पुरेत. मात्र ते नेमके असावेत. ‘कोल्हापुरी चप्पल’, ‘हस्तकला’, गावाचे नाव हे शब्द उपयोगाचे. प्रसिद्ध नटाचे नाव जोडून गर्दी येईल, गिऱ्हाईक येणार नाही.

‘कोल्हापुरी चप्पल’ या नावास २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांचा त्यात समावेश होतो. या जिल्ह्यांतील कारागिरांना अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करता येते. तशी नोंदणी झाली असल्यास तिचा उल्लेख दुकानाच्या परिचयात अवश्य करावा. झाली नसल्यास मानांकनाचे चिन्ह लावू नये.

हिशोब

प्रसार वाढला आणि किंमत चुकीची असली, तर जितकी विक्री जास्त तितका तोटा जास्त. एक काल्पनिक हिशोब पाहू. चामडे व इतर साहित्य ५०० रुपये, कापणे व शिवणे ५०० रुपये, वेणी व नक्षी २०० रुपये, पेटी ४० रुपये, टपाल १२० रुपये. एकूण १,३६० रुपये झाले. आता शेजारचा १,२०० रुपयांस विकतो म्हणून आपणही तितक्यालाच दिली, तर १६० रुपये खिशातून गेले. ते जाणवत नाहीत, कारण वेणीचे २०० रुपये घरच्या बाईचे काम म्हणून हिशोबातच धरलेले नसतात. नफा वाटतो तो खरे तर तिची बुडालेली मजुरी असते. म्हणून प्रथम प्रत्येक हाताची मजुरी लिहावी, मग नफा मिळवावा आणि मगच चित्राखाली किंमत घालावी.

सावधगिरी

मागणी आली की उत्तर त्याच दिवशी द्यावे. वायदा सात दिवसांचा करून पंधरा दिवस लावण्यापेक्षा पंधरा दिवस सांगून बाराव्या दिवशी पाठवावे. पैशांच्या बाबतीत एक नियम घरातील सर्वांना पाठ करवावा : पैसे घेण्यासाठी कधीही कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. तसे सांगणारा माणूस गिऱ्हाईक नसून ठग असतो. खात्याचा परवलीचा शब्द कोणास देऊ नये व दुहेरी सुरक्षेची सोय चालू ठेवावी.

आणखी एक. खाते कारागिराच्या नावाने आणि त्याच्याच फोन क्रमांकावर असावे. पुष्कळदा पुतण्या किंवा शेजारचा मुलगा आपल्या क्रमांकावर खाते उघडून देतो आणि नोकरीसाठी पुण्याला गेला की दुकानाची सारी ओळख त्याच्याबरोबर जाते. पूर्वी व्यापाऱ्याच्या हाती असलेली किल्ली पुतण्याच्या हाती गेली, एवढाच फरक पडतो.

नाव लपवू नये

चामड्याचे काम करणाऱ्यांना समाजाने शतकानुशतके हिणविले. त्यामुळे पुष्कळ घरांत आजही मुले वडिलांच्या कामाचे चित्र मित्रांना दाखविण्यास लाजतात. ही लाज कामाची नाही, ती बाहेरून लादलेली आहे. मुंबईत सुधीर राजभर यांनी धारावीतील कारागिरांना सोबत घेऊन टाकाऊ रबरापासून पिशव्या व इतर वस्तू बनविण्याचा उद्योग उभा केला आणि त्याला नाव दिले ‘चमार स्टुडिओ’. जो शब्द शिवीसारखा वापरला जात होता, तोच त्यांनी मालावर छापला, आणि त्या नावाने वस्तू परदेशातील प्रदर्शनांपर्यंत पोहोचल्या. सर्वांनी असेच नाव घ्यावे असे नाही. परंतु घडविणाऱ्याने आपली ओळख झाकून माल विकावा, ही अट आता कोणी घालू शकत नाही, हे त्यावरून दिसते.

विद्यार्थ्यांसाठी

आपल्या संस्थेच्या सभासदांत हातकाम जाणणारी वडीलधारी मंडळी आहेत आणि मोबाईल सहज हाताळणारे विद्यार्थी आहेत. दोघांची गाठ पडली पाहिजे. प्रत्येक विद्यार्थ्याने सुट्टीत एका कारागिराकडे चार रविवार द्यावेत. पहिल्या रविवारी केवळ काम पाहावे व त्यातील शब्द वहीत लिहून घ्यावेत. दुसऱ्या रविवारी चित्रे काढावीत. तिसऱ्या रविवारी खाते उघडून मजकूर लिहावा. चौथ्या रविवारी मोबाईल काकांच्या किंवा मावशींच्या हाती द्यावा आणि आपण शेजारी नुसते बसावे. पुढचे चित्र त्यांनी स्वतः काढले व खाली स्वतःचे नाव स्वतः लिहिले, तरच आपले काम पूर्ण झाले असे समजावे.