मालमोटारीची तपासणी-नोंद

महामार्गाने धावणाऱ्या मालमोटारी आपण नेहमीच पाहतो. धान्य, दूध, औषधे, सिमेंट, लोखंड अशा किती तरी वस्तू त्या एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचवितात. मालमोटार सुरळीत धावत असते, तोवर तिच्या लहानसहान भागांकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु चाकाचा एखादा नट सैल झाला, किंवा हवेच्या नळीस बारीकशी चीर पडली, तर तीच मालमोटार कित्येकांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून मार्गाला लागण्यापूर्वी ती तपासणे आणि आढळलेले दोष लिहून ठेवणे, हा चालकाच्या कामाचाच एक भाग होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत यासाठी नियमांनी एक पद्धत घालून दिली आहे. तिची ओळख आपण करून घेऊ.

तेथील राष्ट्रीय महामार्गांवर माल भरलेल्या मालमोटारीचे एकूण वजन सामान्यतः ८०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ३६ टनांपर्यंत असू शकते. एवढे ओझे वेगात असताना थांबविणे सोपे नसते. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लागल्यापासून वाहन थांबेपर्यंतचे अंतर सुमारे चौपट होते. लांब उतारावर वारंवार ब्रेक दाबले, तर ते तापतात व त्यांची पकड कमी होते. तो उतार रॉकी पर्वतातील असो की आपल्या बोरघाटातील असो, निसर्गाचा नियम दोन्हीकडे सारखाच.

अशा मोठ्या मालमोटारींचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. एंजिनाच्या शक्तीने चालणारा पंप हवा दाबून टाक्यांत भरतो. चालकाने पायाखालची पट्टी दाबली, म्हणजे ही हवा नळ्यांतून चाकांपर्यंत जाते व ब्रेक लागतात. मग सगळी हवाच निघून गेली तर? त्यासाठी एक युक्ती योजलेली आहे. चाकांपाशी जोरकस स्प्रिंगा बसविलेल्या असतात व हवेचा दाब त्यांना आवळून धरतो. दाब फार उतरला, की त्या मोकळ्या होतात आणि ब्रेक आपोआप लागतात. पण भर वेगात, ध्यानीमनी नसताना असे ब्रेक लागणे हेही संकटच. म्हणून हवा कोठे गळत नाही ना, हे निघण्यापूर्वीच पाहावे लागते. टाक्या पूर्ण भरल्यावर चालक एंजिन बंद करतो, ब्रेक दाबून धरतो आणि मिनिटभर दाबमापकाच्या काट्याकडे पाहतो. ट्रेलर जोडलेला असताना एका मिनिटात दर चौरस इंचास ४ पौंडांहून अधिक दाब उतरला, तर काही तरी बिघडले आहे, असे समजतात.

यानंतर चालक मालमोटारीभोवती एक फेरी मारतो. ही फेरी रोज एकाच क्रमाने मारावयाची असते, म्हणजे एकही भाग नजरेतून सुटत नाही. पुढच्या टायरांच्या खाचा निदान ३ मिलिमीटर खोल हव्यात. इतर टायरांना त्याच्या निम्मी खोली चालते. नटांभोवती गंजाचे ओघळ दिसले, तर नट सैल असण्याचा संभव असतो. दिवे, भोंगा, आरसे, काच पुसणारे वायपर, स्टिअरिंग, ट्रेलर जोडणारा सांधा, आग विझविण्याचे साधन, हे सर्व तो पाहतो. माल नीट बांधला आहे की नाही, हेही त्यालाच पाहावे लागते. पहिल्या ५० मैलांच्या आत थांबून मालाचे दोर व साखळ्या पुन्हा तपासाव्यात, असाही नियम आहे. कारण गाडीच्या हादऱ्यांनी माल सरकतो आणि बांधणी ढिली होते.

आता नोंदीकडे वळू. समजा, दिवसभर मालमोटार चालवून एक चालक रात्री परत आला. ट्रेलरकडे जाणारी हवेची एक नळी लोखंडी कडेवर घासत असल्याचे त्याला दिसले. उद्या ही मालमोटार दुसराच चालक नेणार आहे. पहिला चालक काही न लिहिता घरी निघून गेला, तर त्याच्याबरोबर ती माहितीही निघून जाईल. म्हणून दिवसाचे काम संपताच त्याने वाहनाचा क्रमांक व आढळलेला दोष लिहून खाली सही करावी, असे ठरविलेले आहे. अशा दोषामुळे सुरक्षिततेला धोका असेल, तर मालकाने तो दुरुस्त करून घेऊन तसे त्याच कागदावर नमूद केले पाहिजे. त्याशिवाय मालमोटार बाहेर काढता येत नाही. सकाळी येणारा चालक ती नोंद वाचतो, दुरुस्ती झाल्याची खात्री करून घेतो आणि मग आपली सही करतो. हा कागद तीन महिने जपून ठेवावा लागतो. हल्ली पुष्कळ ठिकाणी कागदाऐवजी मोबाइलवर नोंद करतात. पण पद्धत तीच आहे.

पूर्वी दोष नसला तरी ‘दोष नाही’ असे रोज लिहून द्यावे लागे. मालवाहू वाहनांपुरता हा नियम डिसेंबर २०१४ मध्ये काढून टाकण्यात आला. त्यामुळे चालकांचे पुष्कळसे लिखाण वाचले. निघण्यापूर्वी वाहन सुरक्षित असल्याची खात्री करून घेण्याचे कर्तव्य मात्र तसेच राहिले.

या नोंदीचे सारे मोल तिच्या खरेपणात आहे. कधी निघायला उशीर झालेला असतो, कधी पाऊस पडत असतो. अशा वेळी न पाहताच खुणा करून मोकळे व्हावे, असा मोह पडणे अशक्य नाही. परंतु कोरा कागद पाहून पुढचा मनुष्य निदान सावध तरी होतो. खोटी खूण पाहून तो निर्धास्त होतो, आणि म्हणून ती अधिक घातक ठरते. याउलट, रात्री कंदिलाच्या किंवा विजेरीच्या उजेडात कोणी तरी ‘नळी घासत आहे’ एवढे तीन शब्द लिहिले, तर सकाळी नवी नळी बसते. त्या दिवशी रस्त्याने जाणाऱ्यांना ते शब्द कोणी लिहिले, हे कधीच कळत नाही. ते आपापल्या घरी सुखरूप पोहोचतात.