एका वाहिनीचे वाटेकरी

मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरसारख्या गावांत मोबाइलवर इंटरनेट आलं ते टू-जीच्या आधाराने. त्यातल्या जीपीआरएस या तंत्रात लहरीच्या एका संकेतावर एकच बिट जायचा. पुढे एज या सुधारित तंत्राने तीन बिट बसवले. लहरीत माहिती गुंफण्याची ही रीत म्हणजे मॉड्युलेशन. गेल्या वीस वर्षांत वेग वाढला त्याचं बरंचसं श्रेय तिचं, आणि उरलेल्यातलं मोठं श्रेय एकच वाहिनी वाटून घेण्याचं.

सुरुवातीच्या थ्री-जीत प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र वाहिनी मिळे. वेग फार तर 384 केबीपीएस. माणूस आलेलं पान वाचत बसला तरी वाहिनी त्याच्याच नावावर अडकलेली. 2002 मध्ये एचएसडीपीए या थ्री-जीच्याच सुधारित रूपाचं मानक आलं आणि ही मक्तेदारी संपली. सगळ्यांची मिळून एक जलद वाहिनी. पाळी कुणाची, हे टॉवर दर 2 मिलिसेकंदांनी ठरवणार. रेंज कशी आहे ते फोन सतत कळवतो. ती चांगली असेल तर एका संकेतावर चार बिट, नसेल तर दोनच. कागदावरचा कमाल वेग 14.4 एमबीपीएस झाला.

सामायिक पाट बुऱ्हाणपूरला नवा नाही. 1615 च्या सुमाराचा कुंडी भंडारा सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी भुयारातून साऱ्या शहराला पुरवत होता.

भारतात थ्री-जीसाठीचे लहरींचे पट्टे, म्हणजे स्पेक्ट्रम, परिमंडळागणिक विकले गेले. 2010 च्या लिलावात मध्य प्रदेश परिमंडळाचा थ्री-जी स्पेक्ट्रम आयडिया, रिलायन्स आणि टाटा यांना मिळाला. रावेरच्या बाजूला गेलं की परिमंडळ महाराष्ट्राचं. तिथे तो टाटा, आयडिया आणि व्होडाफोनला मिळाला. केळीचा व्यापार आणि सोयरिकी दोन्हीकडे, पण फोन मात्र सीमा ओलांडताच रोमिंगवर.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि फोर-जी घरोघर पोचलं. त्यात तर डेटा सगळा सामायिक वाहिनीवरूनच येतो आणि पाळी दर मिलिसेकंदाला ठरते. संकेतामागे सहा बिट, पुढे आठ. ऑक्टोबर 2022 पासून देशात सुरू झालेलं फाइव्ह-जीही याच दोन तत्त्वांवर चालतं. त्याला रुंद पट्टे आणि जास्त अँटेना यांची जोड आहे.

मॉड्युलेशनमधला फायदा मात्र आता आटत चालला आहे. दोनाचे चार बिट झाले तेव्हा वेग दुप्पट झाला. सहाचे आठ झाले तेव्हा जेमतेम तिसऱ्या हिश्शाने वाढला. शिवाय दर दोन बिटांमागे सिग्नल साधारण चौपट जोरकस लागतो. टॉवरजवळच्या माणसाला तो मिळतो, डोंगराआडच्याला नाही. त्या दूरच्या फोनला तेवढ्याच व्हिडिओसाठी कितीतरी जास्त पाळ्या लागतात आणि त्या सगळ्यांच्या वेळेतून जातात. म्हणूनच बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या खकनारकडच्या एखाद्या आडवळणाच्या पाड्याजवळ नवा टॉवर उभा राहिला, तर पाड्याची सोय होतेच. पण जुन्या टॉवरवर उरलेल्यांचा वेगही वाढतो.