दोऱ्याच्या त्या टोकाला

संध्याकाळची भरती चढत होती. दाभोळच्या खाडीकाठी एका जुन्या धक्क्यावर माझे मामा पाय सोडून बसले होते. हातात काठी नाही, रीळ नाही. लाकडी फळकुटाला गुंडाळलेला दोरा, म्हणजे तंगूस, तिच्या टोकाला शिशाचा गोळा, त्याच्या जरा वर गरी, म्हणजे गळ, आणि गरीला सोललेल्या कोळंबीचा तुकडा, एवढाच सरंजाम. पाणी गढूळ, वीतभर खालचंही दिसेना. तंगूस त्यांच्या तर्जनीवरून पाण्यात उतरली होती आणि माझी आठ वर्षांची भाची त्यांच्या बोटाकडे टक लावून बसली होती.

"आजोबा, लागलं का काही?"

"कुर्ली आहे. नुसती कुरतडतेय."

मग दहा मिनिटं शांतता. आणि एकदम, "आता आला शिंगाळा." हाताखाली हात टाकत त्यांनी तंगूस ओढली, तर खरंच शिंगाळा! मिश्या हलवत, करकर आवाज करत तो धक्क्यावर आला. भाचीचे डोळे त्याच्यापेक्षा मोठे झाले होते. "तुम्हाला दिसलं कसं?"

"दिसलं कुठे? बोटाला कळतं."

बोटाला कळतं! मी त्या दोन शब्दांवर अजून विचार करतोय. चार-पाच वाव खोल, मिट्ट काळोखात एक प्राणी दुसऱ्या प्राण्याच्या मांसाचा तुकडा तोंडात घेतो आणि त्याची जात वर बसलेल्या माणसाला केसाएवढ्या दोऱ्यातून कळते. हे होतं कसं?

लहानपणी काड्यापेट्यांचा टेलिफोन केला असेलच तुम्ही. दोन रिकाम्या पेट्या, मध्ये दोरा. दोरा ताणला की बोलणं ऐकू येतं, सैल सोडला की मुकं. गरीच्या दोऱ्याचंही तेच. शिशाचा गोळा त्याला खालून ताणून धरतो आणि तळाशी झालेली थरथर वर धावत येते. वर तिची वाट पाहत असतं बोटाचं टोक. केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहून लहान हालचालही आपल्या बोटाच्या कातडीखालच्या संवेदकांना टिपता येते. एवढं नाजूक यंत्र आपण दिवसभर दारं ढकलायला आणि बटणं दाबायला वापरतो.

आता खालच्या टोकाला चला. कुर्ली नांगीने चिमटे काढते, म्हणून टकटक-टकटक असे तुटक धक्के येतात. माशाची तऱ्हा वेगळी. पुष्कळसे मासे भक्ष्याला चावायला जातच नाहीत, ते त्याला पितात! तोंड आणि गालफडं क्षणार्धात फुगवायची, आत पोकळी झाली की पाणी धावत आत येतं आणि पाण्याबरोबर भक्ष्यही. पिचकारी भरताना दट्ट्या ओढावा, अगदी तसं. पाणी कल्ल्यांतून बाहेर, घास आत. गोबऱ्यासारखा मासा हे सेकंदाच्या काही शतांश भागांत उरकतो. घास पसंत पडला नाही तर तितक्याच झपाट्याने थुंकूनही टाकतो.

आत घेणं आणि थुंकणं यांच्यामधला तो जो निमिष आहे ना, तेवढ्यासाठी माणसाने गळ घडवला.

आधी तो बहुधा वाकडा नव्हता. हाडाची किंवा लाकडाची बोटभर काडी, दोन्ही टोकं अणकुचीदार, मधोमध दोरा. माशाने ती आमिषासकट उभी गिळायची आणि दोरा ओढला की ती आत आडवी व्हायची. मग कुणीतरी वाक दिला. कुणी, कुठे, ते कोण सांगणार? पण जपानमधल्या ओकिनावा बेटावर साकितारी नावाची गुहा आहे. तिथे समुद्री गोगलगाईच्या शंखातून घासून काढलेले गळ सापडले, ते सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे. शेती नाही, कुंभाराचं चाक नाही, धातूचा तर प्रश्नच नाही. आणि गळ मात्र आहे! चंद्रकोरीसारखा, एका टोकाला धार लावलेला. आज दुकानात टांगलेल्या पोलादी गळाच्या शेजारी ठेवला, तर भाचीसुद्धा सांगेल की दोन्ही एकच वस्तू आहेत.

पॅसिफिक बेटांवरच्या कोळ्यांनी शिंपल्या-हाडांपासून जवळजवळ पूर्ण गोल गळ केले, टोक आतल्या बाजूला वळलेलं. पहिल्यांदा पाहिलं की वाटतं, हा रुतणार तरी कसा? गंमत तिथेच आहे. मासा तो गिळतो तेव्हा टोक आतल्या बाजूला लपलेलं असल्यामुळे घशात कुठे अडकत नाही. मासा तोंड फिरवून निघाला की गळ घसरत घसरत बाहेर येतो आणि जबड्याच्या कोपऱ्याशी आपोआप गर्रकन वळून बसतो. झटका द्यायचा नाही, फक्त दोरा ताठ ठेवायचा. घशाऐवजी ओठाच्या कडेला अडकलेला मासा सोडला तर जगण्याची शक्यता पुष्कळ जास्त. म्हणून मासा धरून पुन्हा पाण्यात सोडणारे हौशी लोक आज हाच गोल गळ आवर्जून घेतात.

आणि दोरा? त्याची गोष्ट तर मला सगळ्यात विलक्षण वाटते. नायलॉन नव्हता तेव्हा गळाजवळचा, माशाला दिसू नये असा शेवटचा तुकडा युरोपात रेशमाच्या किड्यापासून करत. कोशापासून नव्हे हं, किड्यापासून! स्पेनच्या मुर्सिया भागात हा धंदा होता. कोश विणायच्या बेतात असलेला, रेशमाने टच्च भरलेला किडा शिरक्यात टाकायचा, मग त्याच्या पोटातल्या रेशीमग्रंथी काढून दोन हातांनी लांब खेचायच्या. किड्याने तासन्‌तास बारीक सूत काढत जे विणलं असतं, ते एका ओढीत चकचकीत, पारदर्शक तारेसारखं हाती येई. पण एका ग्रंथीतून जेमतेम हातभर. म्हणजे गाठींवर गाठी आल्याच.

१९३५ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायलॉन तयार केला. रसायनाच्या भांड्यातून निघालेला हा धागा आधी तसा लेचापेचाच असतो. पण थंड झाल्यावर त्याला ओढा. तो कित्येक पट लांबतो आणि लांबताना मजबूत होत जातो! एरवी ओढलेली वस्तू कमजोर व्हावी ना? आतमध्ये चाललेलं असतं ते असं: त्याचे लांबलचक रेणू शिजलेल्या शेवयांसारखे गुंतलेले असतात. ओढ बसली की विंचरलेल्या केसांसारखे ते सरळ, एकमेकांना खेटून उभे राहतात आणि शेजारच्याला घट्ट धरतात. आपल्या कोकणात या धाग्याला तंगूस म्हणतात, आणि ती रेशीमकिड्याच्या पोटातून कधी येत असे याची कुणाला आठवणही उरलेली नाही.

तिचा एक दोष मात्र सांगायलाच हवा. ती कुजत नाही. खडकावर फेकलेला तुकडा वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि बगळ्याच्या पायात अडकतो. मामा तुटलेली तंगूस गोळा करून खिशात घालतात. हे मला त्यांच्या सगळ्या कसबापेक्षा मोठं वाटतं.

तळहाताएवढ्या फळकुटावरून दोरा लांब फेकता येत नाही. त्यासाठी रीळ. चीनमधल्या मा युआन या चित्रकाराच्या ११९५च्या सुमाराच्या चित्रात थंडीतल्या तळ्यावर होडीत एकटा बसलेला माणूस आहे आणि त्याच्या काठीला चक्क रीळ आहे. पण ते आपल्या पतंगाच्या फिरकीसारखं. दोरा जायला लागला की अख्खी फिरकी गरागरा फिरणार. जड फिरकी सुरू व्हायला वेळ, थांबायला त्याहून जास्त. दोरा थांबला तरी ती फिरतच राहते आणि मग जो गुंता होतो, तो संक्रांतीला प्रत्येकाने सोडवलेला आहे.

यावर तोड निघाली ती ब्रॅडफर्डमध्ये, इंग्लंडच्या लोकर गिरण्यांच्या गावात. तिथले गिरणीमालक आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी १९०५ साली नव्या रिळाचं पेटंट घेतलं. कल्पना गिरणीत रोज दिसणारी. शिवणकामाचं रीळ टेबलावर उभं ठेवा आणि दोरा वरच्या टोकाकडून ओढा. रीळ जागचं हलत नाही, वेढे एकामागून एक सुटत जातात. हलायचं ते फक्त दोऱ्याने, आणि दोऱ्याला वजन ते काय! म्हणून अंगठ्याएवढं वजनही झुईकन लांब जाऊन पडतं. ओढून घेताना मात्र एक छोटा दांडा थांबलेल्या रिळाभोवती फिरून दोरा पुन्हा गुंडाळतो. लोकरीच्या गिरणीतून मासेमारीला मिळालेली ही भेट आज जगभर, नदीकाठी सहलीला गेलेल्या पोराटोरांच्याही हातात आहे.

तीन किलोचा ताण सोसणाऱ्या दोऱ्याने आठ-दहा किलोचा मासा कसा येतो, हा प्रश्न पडला असेल तर शाबास. पाण्यात माशाचं वजन जवळजवळ शून्यच. दोरा तोडतो तो त्याचा हिसका. काठी हिसक्याला वाकून त्याची धार बोथट करते, आणि रिळातली घसरपट्टी ताण ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की दोरा थोडाथोडा सोडते. धूर्त सावकारासारखं, तुटेपर्यंत ताणायचंच नाही. मासा स्वतःच्याच पळण्याने दमतो.

इतका वेळ आपण माशाकडे पाहिलं. त्याला आपण कसे दिसतो? मामा भाचीला सारखं दटावत होते, "खाली बस गं, उभी राहू नको." आता ऐका. प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वाकतो. त्यामुळे पाण्याखालून वर पाहणाऱ्याला वरचं सगळं जग, क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचं अख्खं आकाश, डोक्यावरच्या एका गोल खिडकीत कोंबलेलं दिसतं, साधारण ९७ अंशांच्या. खिडकीपलीकडे आरसा, त्यात तळाचंच प्रतिबिंब. काठावरचा माणूस त्या खिडकीच्या काठाशी चेपून, बुटका होऊन दिसतो. बसलात तर पुसटशी किनार. उभे राहिलात की खिडकीत डोकं वर काढलंच म्हणून समजा! खाडीच्या गढूळ पाण्यात याचा फारसा उपयोग नाही, पण मामांची सवय नितळ ओढ्यांवरची.

शिवाय माशाच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते. बाजारात मासा घेताना नीट पाहा. तिच्यात पाण्याची हालचाल टिपणाऱ्या सूक्ष्म केसाळ पेशी बसलेल्या असतात. तशाच पेशी आपल्या कानाच्या आत असतात, आपण ऐकतो ते त्यांच्यामुळे. म्हणजे मामा बोटाने पाण्यातला मासा ऐकत असतात आणि मासा अख्ख्या अंगाने धक्क्यावरची धपधप.

हे सगळं निरखण्याचा नाद आपल्याकडे फार जुना आहे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. शंभर अध्याय, राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत. महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओव्या गातात, ही नोंद याच ग्रंथातली. आणि त्यातच आहे मत्स्यविनोद, म्हणजे गळाने मासे धरण्याची करमणूक. समुद्रातले मासे, नद्यांमधले मासे, कुणाला काय खायला आवडतं, कुणासाठी कोणतं आमिष. इंग्रजीतलं गळाच्या मासेमारीवरचं पहिलं छापील पुस्तक निघालं १४९६ साली. त्याच्या साडेतीनशेहून अधिक वर्षं आधी दख्खनचा राजा काठाशी बसून माशांच्या आवडीनिवडी लिहून ठेवत होता!

भरतीचं गणित तर मामा बोटांवरच करतात: तिथीची पाऊणपट. अष्टमी? आठाची पाऊणपट सहा, म्हणून साधारण सहाला भरती पूर्ण. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा येतो आणि पाण्यालाही उशीर करायला लावतो. त्या दिवशी अष्टमीच होती. सहा वाजता पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला टेकून थांबलं.

मामांनी तंगूस भाचीच्या तर्जनीवर ठेवली. तिने डोळे गच्च मिटले. बराच वेळ काही नाही. मग तिच्या कपाळावर आठी आली.

"टकटक करतंय," ती कुजबुजली. "कुर्ली."

"ओढ मग. सावकाश."

ती वावभर, वावभर ओढत गेली. शेवटी गढूळ पाण्यातून कोळंबी वर आली, आणि कोळंबीला दोन्ही नांग्यांनी मिठी मारलेली, हिरवट, रागावलेली कुर्ली. पाण्याबाहेर येताच तिने पकड सोडली आणि डुबुक्‌ करून गेली.

"बघितलंत?" भाची ओरडली. "मी सांगितलं होतं!"