अष्टावधानी बाईचे कौतुक पुरे

लसीकरणाचा दिवस होता. आमच्याच भागातली एक वस्ती, समाजमंदिराच्या ओसरीवर टेबल मांडलेले, बाजूला लसीचा थंड डबा. सिस्टरनी गोवर-रुबेलाची कुपी फोडली, पावडरीत पाणी मिसळले आणि कुपीवर वेळ लिहायला पेन उचलले. एवढ्यात फोन वाजला. काल किती कार्डे काढली त्याचा आकडा आत्ताच्या आत्ता ग्रुपवर हवा होता. आशाताईंना विचारून, वही चाळून सिस्टरनी आकडा पाठवला. मग समोर रडणाऱ्या बाळाकडे वळल्या. सुई टोचली, कार्डावर नोंद झाली, पुढचे बाळ आले. कुपीवर वेळ लिहायची राहिली ती राहिलीच.

दुपारी दोनच्या सुमारास ऊसतोडीच्या कोपीवरची एक बाई नऊ महिन्यांचे लेकरू घेऊन आली. आता पंचाईत. ही लस मिसळल्यापासून चार तासांच्या आत वापरावी लागते. त्यानंतर तिच्यात जंतू वाढू शकतात आणि अशी शिळी लस टोचल्याने लेकरे दगावल्याची उदाहरणे जगात आहेत. कुपी कधी फोडली? सिस्टर म्हणाल्या अकराला, आशाताई म्हणाल्या दहाच्या आधी. खात्री नाही म्हटल्यावर कुपी फेकून देण्यावाचून इलाज नव्हता, आणि दुसरी शिल्लक नव्हती. त्या बाईने कोयत्याची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवलेली. पुढच्या सत्राला तिची टोळी याच फडात असेल की भीमेच्या पलीकडे दौंडच्या हद्दीत गेलेली असेल, हे मुकादमालाही सांगता आले नसते.

सिस्टर आळशी नव्हत्या, अडाणी नव्हत्या. आम्ही त्या टेबलाजवळ होतो. त्यांच्या जागी आम्ही असतो तर आमचेही हेच झाले असते, आणि नोकरीत असताना असे प्रकार आमच्या हातूनही झाले आहेत.

आपल्याकडे अशा बाईला ‘अष्टावधानी’ म्हणतात. एका हाताने भाकरी, दुसऱ्या हाताने पोर, कानाला फोन, डोळा दुधावर. शहरातल्या कचेऱ्यांत यालाच ‘मल्टीटास्किंग’ म्हणतात आणि नोकरीच्या अर्जात तो गुण म्हणून लिहितात. शरीरशास्त्र मात्र वेगळे सांगते. लक्ष लागणारी दोन कामे मेंदू एकाच वेळी करत नाही. तो एक सोडून दुसरे धरतो, परत पहिले धरतो. ही उडी इतकी झटपट असते की दोन्ही कामे बरोबर चालली आहेत असे वाटते. पण दर उडीला थोडा वेळ जातो, आणि मागच्या कामाचे सूत्र थोडे सुटते.

हे नवे ज्ञान नाही. १९२७ साली अमेरिकेत जर्सिल्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ते मोजले होते. दोन प्रकारची कामे आलटून पालटून करायला दिली की, तीच कामे ओळीने करण्यापेक्षा वेळ जास्त लागतो. पुढे २००१ मध्ये रुबिनस्टाइन, मेयर आणि इव्हान्स यांनी दाखवले की काम जितके गुंतागुंतीचे, तितका या अदलाबदलीचा भुर्दंड मोठा.

आम्ही हे एका रविवारी विहारात करून पाहिले. वंदना झाल्यावर बायकांना आणि दहावीच्या मुलांना कागद दिले. आधी ‘मां ड व ग ण फ रा टा’ ही आठ अक्षरे ओळीने लिहायची, मग त्याखाली १ ते ८ आकडे. दुसऱ्या खेपेला तेच, पण एक अक्षर वर, एक आकडा खाली, पुन्हा अक्षर, पुन्हा आकडा. मोबाईलच्या घड्याळावर वेळ लावला. दुसऱ्या खेपेला जवळपास सगळ्यांनाच जास्त वेळ लागला, दोघींनी ‘ण’ गाळला, आणि एक आजी तर मध्येच थांबून हसायलाच लागल्या. आपल्या गावाचे नाव आणि आठपर्यंतचे आकडे, यापेक्षा सोपे काय असणार? तरी हे झाले. घरी करून बघा.

त्याच आजींनी आम्हाला एक प्रश्न विचारला आणि तो रास्त होता. “आम्ही जन्मभर भाकरी थापता थापता पोरं पाजली, खुरपता खुरपता गाणी म्हटली. आमचं कुठं बिघडलं?” बिघडले नाही, कारण भाकरी थापणे हाताला इतके सवयीचे झालेले असते की त्याला लक्ष फारसे लागत नाही. हात आपोआप चालतात, डोके मोकळे असते. पण एक सवयीचे आणि एक लक्षाचे काम जोडीने चालते म्हणून दोन लक्षाची कामे जोडीने चालतील असे नाही. शिवाय सवयीच्या कामातही अचानक काही वेगळे घडले की लक्ष तिकडेच हवे असते. कडबाकुट्टीत चारा लोटताना कानाला फोन लावलेली तरुण पोरे आपण रोज बघतो. पेंडी अडकेपर्यंत सगळे ठीक असते. रांजणगावच्या कारखान्यात प्रेस मशीनवर उभ्या राहणाऱ्या आपल्या मुलींनीही हे ध्यानात ठेवावे. आणि मोटारसायकलवरून फोनवर बोलणाऱ्यांनीही. स्ट्रेअर आणि जॉन्स्टन यांच्या २००१ च्या प्रयोगात, फोन हातात असो की कानाला वायर लावलेली असो, समोरचा सिग्नल चुकण्याचे प्रमाण सारखेच वाढले होते. कारण अडचण हाताची नाही, लक्षाची आहे.

परिचारिकांच्या बाबतीत तर हे रुग्णाच्या जिवाशी येते. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांच्या मागे फिरून संशोधकांनी औषधे देण्याच्या चार हजारांहून अधिक नोंदी केल्या. २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. निम्म्याहून जास्त वेळा औषध देत असताना कुणी ना कुणी मध्येच अडवले होते. दर व्यत्ययामागे चूक होण्याचे प्रमाण सुमारे बारा टक्क्यांनी वाढत होते, आणि एकाच औषधाच्या वेळी चारदा अडवले गेले तर गंभीर चुकीचा धोका दुप्पट झाला होता. आम्हाला डिप्लोमाच्या पहिल्याच वर्षी शिकवले होते : बरोबर रुग्ण, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर मार्ग, बरोबर वेळ. ही पाच बरोबर मनात मोजत असताना “सिस्टर, सलाईन संपली” अशी हाक आली की मोजणी कुठे थांबली ते आठवत नाही. आणि माणूस पुन्हा पहिल्यापासून मोजत नाही, अंदाजाने पुढे जातो. चूक तिथे शिरते.

यावर जगात उपायही झाले आहेत. अमेरिकेत १९८१ पासून नियम आहे की विमान दहा हजार फुटांच्या खाली असताना वैमानिकांनी उड्डाणाशिवाय दुसरे काही बोलायचे नाही. ते बघून काही देशांत औषध वाटणाऱ्या परिचारिकेच्या अंगावर ‘मला अडवू नका’ असे लिहिलेला लाल अंगरखा आला. वैमानिकाला जे मिळाले ते सिस्टरला मिळायला वेळ लागला, आणि आपल्या आशाताईंच्या वाट्याला तर अजून आलेच नाही.

आशा योजना २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. हजार लोकवस्तीमागे एक आशा, काम प्रामुख्याने गरोदर माता, बाळंतपण आणि लसीकरणाचे. आज तिच्याकडे क्षयरोग, कुष्ठरोग, रक्तदाब-मधुमेहाची नोंद, आयुष्मान कार्ड, साथीचे सर्वेक्षण, आणि या सगळ्याचे ऑनलाइन भरणे आहे. पगार नाही, मोबदला आहे, तोही कामागणिक. म्हणजे एकाच दिवशी पाच कामांच्या मागे धावावे अशी रचनाच करून ठेवलेली. ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या, पुढे आझाद मैदानात बसल्या, तेव्हा मोबदल्याबरोबर ऑनलाइन कामांची सक्ती नको ही मागणी होती. मार्च २०२४ मध्ये पाच हजारांची वाढ मंजूर झाली. त्याआधी ऑगस्ट २०२१ मध्ये अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले, सारखे बंद पडणारे मोबाईल परत करून टाकले होते. पोषण ट्रॅकर इंग्रजीत, पोरे समोर भुकेली, आणि बाई पडद्यावर बोट फिरवत बसलेली. या लढ्यांना लोक पैशाचे लढे म्हणतात. आम्ही त्यांना आरोग्याचेही म्हणतो.

कारण चार माणसांचे काम एकीवर टाकायचे आणि तिला अष्टावधानी म्हणायचे, यात कौतुक कमी आणि बचत जास्त आहे. दार लावून शांतपणे काम करण्याची मुभा कुणाला असते आणि सतत हाकेला ओ कुणी द्यायची असते, हेही एकदा तपासून पाहावे. बाबासाहेब मुंबईत परळच्या चाळीत शिकत होते, तेव्हा माणसांनी आणि सामानाने भरलेल्या घरात अभ्यासाला शांतता नव्हती. सुभेदार रामजी स्वतः जागून रात्री दोनला भिवाला उठवत, कारण त्यावेळी कुणी मध्ये येत नसे. मुलाच्या बुद्धीइतकीच त्याला न मोडणारा वेळ मिळण्याची काळजी त्या बापाने केली. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी आणलेल्या कारखाना कायद्याच्या दुरुस्तीने १९४६ मध्ये कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. थकलेल्या माणसाचे लक्ष आधी सुटते, हे मशीनवरच्या कामगाराला सांगावे लागत नाही.

अष्टांगिक मार्गातली सातवी पायरी सम्यक स्मृती. चालताना चालतो आहोत हे जाणावे, जेवताना जेवतो आहोत हे जाणावे. रोज थोडा वेळ श्वासाकडे लक्ष देऊन बसल्याने मन भटकल्याचे लवकर कळते, आम्हाला त्याचा उपयोग झाला आहे. पण हल्ली कंपन्या कामाचा बोजा तसाच ठेवून कामगारांना ध्यानाचे वर्ग लावतात, ते आम्हाला पटत नाही. दहा ॲप डोक्यावर असतील तर आधी ॲप कमी करा.

त्या दिवसानंतर आमच्या ओळखीच्या सिस्टर आणि आशाताईंनी काही गोष्टी आपसात ठरवल्या. कुपी फोडायच्या आधी पेनाचे टोपण काढून ठेवायचे आणि वेळ लिहिल्याशिवाय कुपी टेबलावर टेकवायची नाही. सत्र चालू असताना दोघींचे फोन एका पिशवीत, ती पिशवी मदतनीस ताईंकडे. बाळंतपणाचा फोन असेल तरच त्या हाक मारतील. मध्येच उठावे लागले तर कागदाच्या चिठोऱ्यावर ‘कुठे थांबले’ एवढे लिहून उठायचे. यालाही आधार आहे : अर्धवट सोडलेले काम मनात रेंगाळत राहते, आणि परत कुठून सुरू करायचे ते लिहून ठेवले तर ते रेंगाळणे कमी होते. आकडे पाठवायचे ते सत्र संपल्यावर, एकदाच. पहिल्या वेळी वरून बोलणी बसली. तेव्हा दोघींनी मिळून लेखी अर्ज दिला की लसीकरणाच्या वेळेत अहवाल मागू नयेत, त्याचे कारण म्हणून वाया गेलेल्या कुपीचा उल्लेख केला, आणि पोच घेतली.

ऊसतोडीच्या त्या लेकराचा शोध आशाताईंनी सोडला नाही. टोळी नदीपलीकडे गेली होती. मुकादमाचा नंबर मिळवून तिथल्या आशाताईंना कळवले, आणि तिसऱ्या आठवड्यात त्याला लस मिळाली. कार्डाचा फोटो आला तेव्हा आमच्या सिस्टर लस काढत होत्या. त्यांनी तो सत्र संपल्यावर पाहिला.