निनावी हाताचे स्वचित्र

स्वचित्र म्हटले म्हणजे आरशासमोर बसून स्वतःचा चेहरा रंगविणारा रेम्ब्राँ आपल्याला आठवतो. परंतु चेहरा न काढता, किंबहुना नावही न लिहिता, कलावंताला आपले स्वरूप कृतीत उमटविता येते काय? आमच्या मते येते. मात्र ते ओळखण्याची दृष्टी वेगळी असावी लागते.

जपानी कुंभकार हमादा शोजी (१८९४–१९७८) याचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. इंग्लंडमध्ये सेंट आइव्ज येथे काम करीत असताना तो आपल्या पात्रांवर मुद्रा उमटवीत असे. मायदेशी परतल्यावर त्याने ती प्रथा सोडली आणि माशिको गावी स्थायिक होऊन तेथल्याच मातीची भांडी घडविली. १९५५ साली त्याच्या देशाने त्याचा राष्ट्रीय गौरव केला, तेव्हाही त्याच्या भांड्यांवर सही नव्हती. गावची माती आणि हाताचे वळण हीच त्याची ओळख होती.

आता आपण धार जिल्ह्यातील बाग या गावाकडे वळू. पूर्वी शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात असलेले हे गाव लेण्यांमुळे विद्वानांना परिचित आहे. पण तेथील खत्री कारागिरांचे ठशांचे कापडही तितकेच अभ्यसनीय आहे. सिंधमधून राजस्थानमार्गे आलेल्या या मुसलमान समाजाच्या ठशांत मनुष्याकृती सहसा आढळत नाही. तेथे तेंदूचे पान, मुगाची शेंग, कैरी, चमेली आणि जाळीची नक्षी दिसते. कापड प्रथम खडे मीठ, एरंडेल आणि शेळीच्या लेंड्या यांच्या मिश्रणात मुरवितात व नंतर हिरड्याच्या पाण्यातून काढतात. लोखंडाच्या गंजापासून काळा रंग सिद्ध होतो. तांबड्यासाठी तुरटीचा ठसा उठवून कापड तांब्याच्या कढईत धावड्याची फुले व अलिझरिन यांसह उकळतात. रंगाचा उठाव बाघिनी नदीच्या पाण्यावर अवलंबून असतो, अशी कारागिरांची श्रद्धा आहे. म्हणजे चेहरा नसला तरी या कापडात गावचे पाणी आहे, रानातली फुले आहेत आणि स्थलांतरित समाजाची पिढीजात शिस्त आहे.

मात्र येथे एक भेद विसरता कामा नये. हमादाचे निनावीपण त्याने स्वेच्छेने पत्करलेले होते. बागच्या कारागिराच्या वाट्याला ते परिस्थितीने आले होते. पूर्वी हे कापड आसपासच्या भिल्ल-भिलाला स्त्रियांच्या घागऱ्या-ओढण्यांसाठी छापले जाई. ते नेसणाऱ्या समाजाची ओळख सांगत असे. छापणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नसे, आणि विचारण्याची गरजही नव्हती. पुढे स्वस्त कृत्रिम धाग्यांचे कापड आले आणि हा ग्राहक दुरावला. तेव्हा इस्माईल सुलेमानजी खत्री यांच्यासारख्या कारागिरांनी तेच ठसे साड्यांवर व चादरींवर उठवून शहरी बाजारपेठ मिळविली. त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही लाभला. कला वाचली, परंतु नेसणाऱ्याची खूण कापडातून निघून गेली.

या रिकाम्या जागी आता करणाऱ्याची खूण येणे अपरिहार्य ठरले. दूरच्या ग्राहकाला हातचा ठसा आणि यंत्रावरची नक्कल यांतला भेद सहज कळत नाही. म्हणूनच २००८ साली बाग छपाईला भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण मिळाले, याला केवळ व्यापारी महत्त्व नाही. व्यक्तीने सही न करता गावाने केलेली ती सामुदायिक सही होय. तरीही गावाचे नाव प्रत्येक हाताला न्याय देते असे नाही. ठसा कोरणारा, कापड धुणारा आणि रंग उकळणारा यांची नावे त्यामागे झाकलेलीच राहतात.

आपण शिक्षक जेव्हा विद्यार्थ्यांपुढे एखादी कलाकृती ठेवतो, तेव्हा ‘ही कोणाची?’ असा प्रश्न विचारून थांबतो. त्यापुढे ‘ही कोणासाठी केली होती? कोणत्या पाण्याने, कोणत्या हातांनी?’ असेही विचारले पाहिजे. असे विचारू लागलो, तर निनावी म्हणून बाजूला सारलेल्या कितीतरी वस्तूंतून एखाद्या समाजाचे स्वचित्र आपल्याला दिसू लागेल.