हार्ड डिस्कची आवराआवर : अजून गरज आहे का?

'संगणक मंद झाला ना, मग डीफ्रॅगमेंट करा' हा सल्ला शाळांच्या संगणक कक्षांत वर्षानुवर्षे दिला जातो. १९९३ साली आलेल्या डॉस ६ मध्ये ही सोय होती. पुढे विंडोज ९५ मध्ये पडद्यावरचे रंगीत चौकोन सरकताना अनेकांनी पाहिले. हा सल्ला आजही पाळावा का? त्यासाठी तो मुळात का दिला गेला, ते आधी पाहू.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या असतात. त्या मिनिटाला सहसा ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. माहिती वाचणारे शीर्ष एका भुजेच्या टोकाला असते आणि ही भुजा चकतीवर आत-बाहेर सरकते. फाइल लहान लहान खणांत साठवली जाते. जुन्या फायली पुसल्या की मधले खण रिकामे होतात. नवी मोठी फाइल सलग मावत नसेल, तर तिचे तुकडे करून ते या रिकाम्या जागांत बसवले जातात. माहिती सुरक्षितच राहते. मात्र वाचताना दर तुकड्यासाठी भुजेला हलावे लागते. हे तुकडे पुन्हा सलग लावणे म्हणजे डीफ्रॅगमेंटेशन.

याने किती फरक पडतो, त्याचे गणित मांडून पाहू. मिनिटाला ७,२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे. एका फेऱ्याला सुमारे ८ मिलीसेकंद. हवा तो खण शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलीसेकंद लागतात. भुजा सरकण्याचे ९ मिलीसेकंद धरले, तर एकूण १३ झाले. डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट वाचते असे समजा. ५० मेगाबाइटची सलग फाइल अर्ध्या सेकंदात वाचून होईल. तिचे दूर दूर विखुरलेले १,००० तुकडे असतील, तर केवळ भुजेच्या धावपळीत १३ सेकंद जातील! प्रत्यक्षात बरेच तुकडे जवळपास असल्याने फरक इतका मोठा नसतो, पण मंदपणाचे कारण यावरून कळते.

आता एसएसडी, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्हकडे वळू. तिच्यात चकती नाही, भुजाही नाही. माहिती फ्लॅश स्मृतीत विद्युतभाराच्या रूपाने साठवलेली असते. कोणत्याही खणापर्यंत पोचायला साधारण ०.१ मिलीसेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागतो. खण जवळचा की दूरचा, हा प्रश्नच नाही. वरच्या उदाहरणातील हजार तुकड्यांसाठी फार तर ०.१ सेकंद जास्त लागेल. शिवाय संगणकाला जे खण सलग दिसतात, ते एसएसडीत प्रत्यक्ष शेजारी असतीलच असे नाही. तिच्यातील नियंत्रक सर्व खणांची झीज सारखी व्हावी म्हणून माहिती आपल्या हिशोबाने ठेवतो. म्हणजे आपण केलेली आवराआवर बहुतांशी कागदावरच राहते.

झीज मात्र खरी असते. फ्लॅशचा प्रत्येक खण ठराविक वेळाच पुसून लिहिता येतो. प्रकारानुसार काही शेकडे ते काही हजार वेळा. एकदा डीफ्रॅगमेंट केल्याने एसएसडी बिघडणार नाही, पण वारंवार केल्यास तिचे आयुष्य विनाकारण खर्च होते.

मग आपण काय करावे? प्रथम आपल्या संगणकात काय आहे ते पाहा. विंडोज १० किंवा ११ मध्ये 'डिफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज' उघडले की ड्राइव्हचा प्रकार दिसतो. हार्ड डिस्क असेल तर विंडोज व्हिस्टापासून (२००७) हे काम ठरलेल्या वेळी आपोआप होते. संगणक कक्षातील यंत्रे तासापुरतीच चालू राहत असतील, तर मात्र ते राहून जाऊ शकते. अशा वेळी सत्राच्या शेवटी हाताने केलेले बरे. त्यासाठी निदान १५ टक्के जागा मोकळी ठेवावी. डिस्क टकटक वाजू लागली असेल, तर आवराआवर न करता आधी माहितीची प्रत काढावी. एसएसडी असेल तर विंडोज स्वतःच तिला कोणते खण आता नको आहेत ते कळवते. आपण काही करण्याची गरज नाही. लिनक्समध्ये फायली सहसा मोकळी जागा राखूनच मांडल्या जातात, त्यामुळे तेथे हा प्रश्न क्वचितच येतो. जुन्या यंत्राचा मंदपणा फारच जाणवत असेल, तर दर आठवड्याच्या आवराआवरीपेक्षा हार्ड डिस्कच्या जागी लहानशी एसएसडी बसवणे जास्त उपयोगी पडते.

वर्गात हे सहज करून दाखवता येईल. एका उताऱ्याची वाक्ये १२ चिठ्ठ्यांवर लिहून त्यांना क्रमांक द्या. आधी चिठ्ठ्या एका बाकावर ओळीने ठेवा आणि एका विद्यार्थ्याला क्रमाने वाचायला सांगा. मग त्या वर्गभर विखरून ठेवा व त्याच विद्यार्थ्याला एकेका चिठ्ठीपाशी जाऊन वाचू द्या. तिसऱ्या वेळी विखुरलेल्या १२ मुलांच्या हाती चिठ्ठ्या देऊन त्यांना जागेवरूनच क्रमाने वाचायला सांगा. तिन्ही वेळा घड्याळ लावा आणि विचारा : चिठ्ठ्या दोनदा विखुरल्या होत्या, मग वेळ एकदाच का वाढला?