कॅमेऱ्याला थांबता आलं पाहिजे

दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. ‘अंकुराची वाढ’ हा त्यातून झालेला चित्रपट त्यांनी निवडक मंडळींना दाखवला आणि कर्जाची सोय झाली. महिनाभर रोज एक फ्रेम घेतली आणि मिनिटभराचा चित्रपट झाला, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं आढळतं. हा हिशेब जुळत नाही. सेकंदाला १६ फ्रेम धरल्या तरी मिनिटाला ९६० लागतात. चित्रपट खरोखर मिनिटभराचा असेल, तर रोज तीसेक फ्रेम घेतल्या असणार. टाइम-लॅप्सची, म्हणजे अंतराअंतराने फ्रेम घेऊन संथ हालचाल वेगात दाखवण्याची, सगळी मेहनत या तीसच्या आकड्यात आहे.

ही मेहनत कॅमेऱ्यानेच करावी, अशी सोय पुढे घरगुती कॅमेऱ्यांत आली. कोडॅकच्या १९६५ सालच्या सुपर ८ कार्ट्रिजमध्ये ५० फूट फिल्म, म्हणजे ३६०० फ्रेम बसतात. दहा सेकंदांना एक फ्रेम घेतली तर कार्ट्रिज बरोबर दहा तास पुरतं. पडद्यावर सेकंदाला १८ फ्रेमच्या वेगाने ते तीन मिनिटं वीस सेकंद चालतं. ढगांना हे अंतर फार होतं, तिथे एक-दोन सेकंदच हवेत. कळी उमलायला मिनिटाला एक फ्रेमही पुष्कळ.

टाइम-लॅप्ससाठी असा जुना कॅमेरा घेताना लोक आधी झूम बघतात. माझ्या मते ते सगळ्यात शेवटी बघावं. ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घेणारा टायमर कॅमेऱ्यात आहे का, हा पहिला प्रश्न. जर्मनीच्या ब्राउन निझो एस ५६० आणि एस ८०० मध्ये तो आहे. कॅननच्या १०१४ एक्सएल-एसमध्येही आहे. टायमर नसेल, तर निदान एकेरी फ्रेमची सोय आणि केबल रिलीजचं, म्हणजे कॅमेऱ्याला हात न लावता कळ दाबायच्या तारेचं, भोक हवंच.

मग कॅमेरा हातात घेऊन तपासा. कार्ट्रिज न घालता दार उघडा, लेन्स खिडकीकडे धरा आणि फिल्मच्या बाजूने गेटच्या, म्हणजे फिल्मवर उजेड पडतो त्या, इवल्या चौकोनात बघत एकेरी फ्रेमची कळ दाबा. उजेड एकदाच लुकलुकला पाहिजे आणि मग चौकोन पूर्ण काळा राहिला पाहिजे. कडेला उजेडाची बारीक फट जरी दिसली, तरी शटर अर्धवट थांबतंय असं समजा. नेहमीच्या चित्रणात हा दोष कदाचित लपेल, पण इथे दोन फ्रेमच्या मधला सगळा वेळ तो उजेड फिल्मवर पडत राहतो. असा कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. आपल्या दमट हवेत लेन्समध्ये बुरशी धरते, म्हणून टॉर्च मारून आत कोळिष्टकासारखे धागे दिसतात का तेही बघावं. सेलच्या खणात हिरवट-पांढरा थर असेल तर संपर्कपट्ट्या खाल्ल्या गेल्यात का, हे पाहावं.

उजेड मोजणाऱ्या मीटरची अडचण वेगळी. अनेक कॅमेऱ्यांचे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेले आहेत आणि ते सेल आता बनत नाहीत. अल्कलाइन सेलचा दाब जास्त, शिवाय तो उतरत जातो. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टच्या आसपास स्थिर राहतो. भोवती कडं बसवलं की पीएक्स ६२५ या पाऱ्याच्या सेलच्या जागी चालतो. तरीही भरदिवसा अ‍ॅपर्चर हाताने पक्कं करावं. नाहीतर ढगाआड ऊन गेलं की मीटर दर फ्रेमला वेगळा निर्णय घेतो आणि चित्र पडद्यावर फडफडतं. सूर्यास्ताला मात्र ऑटोवर सोडावं. डोळा लावायची काच झाकायला विसरू नये. समोर माणूस नसला की तिथूनही उजेड आत शिरू शकतो.

सेलचा व्याप नको असेल तर स्वित्झर्लंडचा चावीचा बोलेक्स एच १६ घ्यावा. तो १६ मिलिमीटरचा आहे, जड आहे, फिल्मही महाग पडते. पण १०० फुटांत ४००० फ्रेम मिळतात, आणि एकेरी फ्रेमला शटर हवं तितका वेळ उघडं धरता येतं. रात्रीच्या आकाशासाठी मी तोच निवडेन.